अध्यक्षांच्या कोटाची मागची बाजू

३ तारीख, सोमवार

नाही म्हणजे नाही. दादाने आभाळ डोक्यावर घेतलं तरी कोट मी पाठवणार नाही. आज परत त्याचा फोन. जेवलास का, झोपतोस कुठे, काही नाही. सरळ कोट. धाकट्या बहिणीचं लग्न दीड महिन्यावर आलं, घरातला थोरला म्हणून मी पुढे उभा राहणार, मुलाकडची माणसं मला डोक्यापासून पायापर्यंत बघणार, आणि तू असा झकास काळा कोट पेटीत घालून त्याच्यावर अंडी उबवत बसणार का? मी म्हटलं, तो मला कामावर लागतो. तो म्हणाला, कोट लागतो असं कसलं काम रे तुझं? म्हटलं, फोटोग्राफर आहे मी. त्यावर तो नुसता 'हं' म्हणाला. दादाचं 'हं' ऐकलं की मला आपण परत सहा वर्षांचे झालोय आणि चड्डी उलटी घातलीय असं वाटतं.

त्याचा स्वतःचा कोटातला फोटो घरी भिंतीवर आहे, लग्नाआधी वहिनीकडे पाठवला होता तो. त्या कोटाचं काय झालं विचारलं की म्हणतो, उंदरांनी खाल्ला. स्वतःचा उंदरांना घातला आणि आता माझ्यावर डोळा.

इथे खरं लिहायला हरकत नाही. दादा काही ही वही वाचायला येत नाही. कोट माझा नाही, स्टुडिओचा आहे. आणि खरं तर तो कोटही नाही, कोटाचं नुसतं तोंड आहे. पाठ वरपासून खालपर्यंत उभी चिरलेली. पांढऱ्या शर्टाची छाती आणि टाय आतून शिवून टाकलेला. ओळखपत्राच्या फोटोला गिऱ्हाईक येतं, समोरून हात घालतं, आणि मी मागे जाऊन कपडे वाळत घालायचे चिमटे लावतो. काडीपैलवानाला चार चिमटे. जाड्याला चिमटा नाही, मागे मोकळी हवा. समोरून मात्र सगळे बँकेचे मॅनेजर. मालकाचं म्हणणं असं की गिऱ्हाईक समोरून येतं आणि पैसेही समोरून देतं, पाठीवर कापड घालायला आपण काय वेडे आहोत?

नोकरी लागली त्या आठवड्यात मीही त्यात उभा राहिलो, मालकाने गंमत म्हणून फोटो काढला आणि मी तो घरी पाठवला. वहिनी म्हणाली, गावात सगळ्यांना दाखवला. आता लग्नाला साध्या शर्टात कुठल्या तोंडाने जाऊ? आणि गेलो नाही तर धाकटी जन्मभर बोलणार नाही. इकडे आड तिकडे विहीर.

दिवे उचलतो, पडदे बदलतो, फोटो कापतो. फोटोग्राफर मालक आहे. बर्फाच्या कारखान्यात टिकलो नाही, गोदामात टिकलो नाही, इथेही टिकेन असं वाटत नाही. पहिल्या तारखेला निघायचं मनात आहे.

ही वही इतिहासाच्या बाईंनी दिली. शाळेच्या ओळखपत्रांचं काम मालकाला मिळालं ते एका अटीवर: बाईंना त्यांच्या धड्यासाठी कॅमेरा आणि एक माणूस उसना द्यायचा. मालकाने जुना कॅमेरा दिला आणि मला दिलं. दोन्ही अडगळीतलं. बाई म्हणाल्या, या कामात मुलं रोज लिहिणार, तुम्हीही लिहा.

५ तारीख, बुधवार

सातवीतून शाळा सोडून पळालो होतो. आज मला नेमकं सातवीतच बसवलं. बाक तेवढेच तोकडे आहेत.

बाईंची रीत निराळी आहे. पुस्तकात देशाच्या पहिल्या अध्यक्षांवर धडा आहे आणि चार जुने फोटो आहेत. शपथ घेताना, पुलाच्या पायाभरणीला फावडं हातात घेतलेले, पुरात नावेत बसलेले, आणि शेवटचा, जो नोटेवर पण आहे: पाच वर्षं झाली, लोक राहा म्हणत होते, ते राहिले नाहीत, फाटकातून पायी घरी निघाले. तो फोटो पाठमोरा आहे. आजवर मुलं 'अध्यक्षांचे गुण पाच वाक्यांत' पाठ करायची. बाई म्हणतात, आधी फोटो नीट बघा. कोण मधे आहे, कोण कडेला ढकलला गेलाय, कोणाचं लक्ष नाही. मग तसेच्या तसे उभे राहा. आपण त्याचा फोटो काढू. आणि मग फोटो जिवंत होईल आणि बोलेल. शेवटी पालकांसमोर नाटक.

अध्यक्ष सगळ्यांनाच व्हायचं होतं. बाईंनी तोडगा मला विचारला. मी आपलं स्टुडिओचं सांगितलं: कोट ज्याच्या खांद्यावर बसेल तो. अख्ख्या वर्गात तो बसला एका मुलीच्या खांद्यावर. उंच आहे, पोरं तिला शिडी म्हणतात. पोरांनी कालवा केला, अध्यक्षांना मिशी होती. बाई म्हणाल्या, मिशी पेन्सिलीने येते, खांदे येत नाहीत.

पण शिडी बोलत नाही. हजेरीसुद्धा ती भिंतीला देते.

६ तारीख, गुरुवार

वर्गात एक पोरगा आहे, त्याचं नाव मी शंकासुर ठेवलंय. नावेतल्या फोटोत अध्यक्षांचे डोळे मिटलेले आहेत, तर ते झोपले होते का? पूर आला असताना झोपले होते का? मी म्हटलं, बाबा, दहा फोटोंत एकात डोळे मिटतातच, आमच्या धंद्यात रोजचं आहे. मग हाच का छापला? बाईंकडे बघितलं तर त्या हसत होत्या. त्याला आता बातमीदार केलंय. निदान प्रश्न विचारायचे पैसे मिळणारा माणूस.

त्यानेच आज बोट ठेवलं. चौथा फोटो पाठमोरा आहे. आणि कोटाला पाठ नाही.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, बघतो काहीतरी. हे वाक्य मी आयुष्यात जिथे जिथे बोललोय तिथून पुढे मला पळावं लागलंय.

१० तारीख, सोमवार

नाटक कशाशी खातात मला माहीत नाही. मला एकच येतं, माणसाला हलू न देणं. तेच शिकवलं. हनुवटी थोडी खाली, खांदा इकडे, श्वास धरा. पोरं अशी थिजून उभी राहतात की माशी नाकावर बसली तरी डोळा हलत नाही. मग मी फ्लॅश मारतो, आणि तो चमकला की बोलायचं. दुसरा चमकला की धावत पुढच्या फोटोत जाऊन परत थिजायचं. पोरांच्या हे इतकं अंगात भिनलंय की मधल्या सुट्टीत कोणीतरी आरशाने ऊन पाडलं तर सगळी डबे हातात घेऊन पुतळे झाली.

बाईंनी विचारलं, फ्लॅशशिवाय पण जमेल ना त्यांना? मी म्हटलं, आरामात.

शिडी बोलली. थिजलेलं असताना तिला कोणी काही विचारत नाही, म्हणून असेल, पण फ्लॅशनंतर जो आवाज आला तो वर्गाच्या दारापर्यंत गेला. "मी शपथ घेतो की," एवढंच. मी वळून बघितलं, दुसरं कोणी आलंय का.

११ तारीख, मंगळवार

दादाचा फोन. आज नवीन टूम. म्हणे, कोट पाठवू नकोस हवं तर, पण मागून कसा आहे ते तरी सांग. आजकाल मागे चीर असते म्हणतात. एक आहे की दोन?

मी म्हटलं, एकच आहे. पण मोठी.

त्यावर त्याला खोकल्याची अशी उबळ आली की वहिनीने फोन घेतला. तिला म्हटलं, औषध दे त्याला. ती म्हणाली, या खोकल्याला औषध नाही. काळजी वाटली. एरवी तो ठणठणीत असतो.

१४ तारीख, शुक्रवार

कोटाचं काही जमत नाही. मालकाकडे खरा कोट मागितला, त्याच्या लग्नातला आहे. तो म्हणाला, त्यात मी पण मावत नाही, अध्यक्ष कशाला मावतील. मग स्टुडिओतल्या जुन्या काळ्या पडद्याचा तुकडा शेजारच्या शिंप्याकडून पाठीला लावून घेतला. काय सुंदर दिसत होता. दुपारी खाणावळवाला आला, ओळखपत्राच्या फोटोला. मालकाने न बघता त्याला कोट चढवला. खाणावळवाला खाणावळीचंच खातो. फर्रकन आवाज झाला आणि माझी मेहनत दोन भागांत लोंबायला लागली. मालक माझ्यावरच ओरडला, गिऱ्हाइकाला अडकवायचा धंदा करतोस का?

मग मी डोकं चालवलं. अध्यक्ष पाठ दाखवणारच नाहीत. शेवटी लोकांकडे तोंड करून, नमस्कार करत करत, उलट्या पावलांनी बाहेर जातील. बाईंना हे पटलं नाही, तो फोटोच पाठमोरा आहे म्हणाल्या, पण दुसरा इलाज नव्हता.

शिडीने दोनदा उलटं चालून बघितलं. दुसऱ्यांदा फाटकाऐवजी फळ्याच्या कोनाड्यात गेली. मग म्हणाली, "घरी जाताना असं कोण चालतं?"

मी म्हटलं, मोठी माणसं.

१८ तारीख, मंगळवार

चिमटे लावताना शिडीने विचारलं, हा कोट तुमचा का? म्हटलं, स्टुडिओचा. मग अध्यक्षांचा कोट कोणाचा होता? मी म्हटलं, बाईंना विचार. तर म्हणते कशी, तुम्हाला कपड्यांचं जास्त कळतं. मग, "काका, तुम्ही हा घालून कधी बाहेर गेलात का?"

मी चिमटा जरा जोरात लावला बहुतेक. ती आई गं म्हणाली.

२० तारीख, गुरुवार

उद्या नाटक आहे. संध्याकाळी वहिनीचा फोन होता. धाकटी विचारतेय, तू कधी येतोस. मी सांगून टाकलं, रजा मिळत नाही, यायचं जमणार नाही. मागून धाकटीचा आवाज आला, "त्याला सांग, मग मला पण त्याची गरज नाही." लहानपणी खेळताना राज्य आलं की असंच म्हणायची आणि दाराआड जाऊन रडायची.

दादाने फोन घेतला. ओरडेल वाटलं होतं. हळूच म्हणाला, "कोट नको आणूस. तू ये." मी म्हटलं, कोटाचा काय संबंध, रजा नाही. आणि फोन ठेवला. रजा मी मागितलेलीच नाही.

नंतर नुसता बसून राहिलो. काहीतरी करायचं राहिलंय असं सारखं वाटतंय, आठवत नाही.

२१ तारीख, शुक्रवार

आठवलं. फ्लॅश चार्ज करायचा राहिला होता. पण आठवलं ते पडदा उघडल्यावर.

सगळं लिहून काढतो. सभागृह गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, बाजूला माझा मालक, कोटावर नजर ठेवायला आलेला. पडदा उघडला. शपथेचा फोटो. पोरं अशी थिजलेली की बघणाऱ्यांनीही श्वास धरला. मी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. पोरं ढिम्म. मी खालून हात हलवले, शुक शुक केलं, बोला रे म्हटलं. एकाचीही पापणी हलली नाही. इतकं चांगलं शिकवलं होतं मी. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं. मालकाने डोळे मिटले.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या कोणाच्या तरी वडिलांनी मोबाइलवर फोटो काढला. चमकला.

अध्यक्ष कडाडले, "मी शपथ घेतो की," आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तो भांड्यात पोचेपर्यंत त्या गृहस्थांना फोटो हललाय असं वाटलं, त्यांनी दुसरा काढला. झालं. शपथ अर्धवट टाकून पोरं धावली आणि पुलावर जाऊन थिजली. एका आईला वाटलं, आपला मुलगा दिसत नाहीये, तिने काढला. पूल बोलायला लागला. दुसऱ्या आईने काढला. पोरं नावेत. एकदा लोकांना कळलं, हे आपल्या मोबाइलवर चालतंय, मग काय, सगळेच सुरू. अध्यक्षांनी नावेत उभं राहून फावडं मारलं. पूरग्रस्तांनी शपथ घेतली. एक कामगार शेवटी मधेच बसला, आणि दर चमकेला नुसता हात वर करायला लागला. सगळी कारकीर्द भात शिजायच्या आत उरकली. मुख्याध्यापक मालकाला म्हणाले, कारभार मात्र वेगवान होता. बाई दाराशी उभ्या होत्या, तोंडावर रुमाल. मला वाटलं, रडताहेत.

मी स्टेजवर चढलो आणि हात जोडून म्हटलं, मायबाप, मोबाइल खाली ठेवा. ठेवले. एकदम शांतता. शेवटचा फोटो राहिला होता. खुर्ची, फाटक आणि शिडी. चमकायला आता काही उरलं नव्हतं. मला वाटलं, ही आता उद्यापर्यंत अशीच उभी राहणार.

बातमीदार शंकासुराने घसा साफ केला, फ्लॅशची वाट न बघता. "महोदय, लोक राहा म्हणताहेत. का जाताय?"

तिने सांगायचं होतं, माझं काम झालं, आणि उलटं चालायचं होतं. ती सरळ वळली आणि निघाली.

चिमटे दिसले. त्यातला एक गुलाबी होता. आधी एक जण हसला, मग सगळं सभागृह. मालकाने कपाळावर हात मारला. शंकासुर शंकासुरच, नाटकात नसलेला प्रश्न विचारायची त्याला काय भीती. म्हणाला, "महोदय, तुमचा कोट मागून उघडा आहे."

ती थांबली. म्हणाली, "माहीत आहे."

मग परत खुर्चीपाशी आली. "हा कोट माझा नाही. खुर्चीचा आहे. जो बसेल त्याला व्हावा, असाच शिवलाय." हात पुढे केले, कोट समोरून काढला, तसा तो निघतोच, खुर्चीवर घातला. आणि शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या आणि मिशीसकट, फाटकातून सरळ घरी गेल्यासारखी निघून गेली.

कोणी हसलं नाही. टाळ्याही जरा उशिराने आल्या. मला आधी कोटाची काळजी, त्या खुर्चीला खिळा आहे. पण हातात कॅमेरा होता आणि बोट आपोआप दाबलं गेलं. फ्लॅशशिवाय. ती हललेली आली आहे, पण चालतेय हे कळतं. कोटाचाही एक घेतला, खुर्चीवर पालथा, चिमट्यांसकट. तो मात्र लख्ख आला. आयुष्यात पहिल्यांदा काय फोटो काढायचा ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

मालकाने जाताना कॅमेऱ्यात फोटो बघितले, म्हणाला, फ्लॅशचं उद्या बोलू. मग दोन पावलं जाऊन, "शेवटचा कुठे उभा राहून काढलास?" मी दाखवलं. तो हं म्हणाला. दादाचं 'हं' नव्हतं ते.

२२ तारीख, शनिवार

सकाळी दोन्ही फोटो दादाला पाठवले.

लगेच फोन आला. पलीकडे बराच वेळ नुसता तो खोकला. आता मला कळलं, हा खोकला कसला आहे.

"चिमटे?" तो म्हणाला. "चैन आहे तुमची. आमच्या वेळी टाचण्या होत्या. जरा वाकलं की टोचायच्या. म्हणून तर फोटोत एवढा ताठ आहे मी."

मी विचारलं, मग उंदीर?

"उंदरांनी खायला आधी कोट तर पाहिजे."

वहिनीला माहीत आहे का विचारलं. म्हणाला, लग्नानंतर चारच दिवसांत तिने विचारलं होतं, कोट धुवायला कुठे आहे. तेव्हापासून माहीत आहे. म्हणजे माझा फोटो पोचला त्याच दिवशी त्या दोघांनी ओळखलं होतं. मला राग यायला हवा होता. मी म्हटलं, मग इतके दिवस कोट कोट करून डोकं का खाल्लंस?

तो मग म्हणाला, "दुसरं काही विचारलं की तू बरा आहे म्हणतोस आणि फोन ठेवतोस. कोटावरून निदान भांडतोस तरी."

मी म्हटलं, जेवलास का. तो म्हणाला, हो. मग धाकटीला फोन दे म्हटलं. ती आलीच नाही. पण तो स्पीकरवर होता आणि ती दाराआड होती, हे मला माहीत आहे. म्हणून मोठ्याने सांगितलं, शर्टातच येतोय, फोटो मीच काढणार, आणि रडून सुजलेल्या डोळ्यांना आमच्याकडे इलाज नाही.

मालकाकडे रजा मागितली. फ्लॅशचं बोलायचं राहूनच गेलं. म्हणाला, जा, पण कॅमेरा नीट परत आण. मी कॅमेरा मागितला नव्हता.

२४ तारीख, सोमवार

बाईंनी मुलांचे पेपर दाखवले. पहिल्या अध्यक्षांविषयी पाच वाक्ये. एकाने लिहिलंय, अध्यक्ष फार घाईत असत. दुसऱ्याने, त्यांनी पूल नावेत बसून बांधला. तिसऱ्याने, जाताना ते कोट ठेवून गेले, बहुतेक धुवायचा होता. शंकासुराने पाच वाक्यांऐवजी पाच प्रश्न लिहिलेत. शिडीने एकच वाक्य लिहिलंय आणि बाईंनी तिला पूर्ण मार्क दिलेत. ते मी इथे लिहीत नाही, तिचं आहे.

पुढच्या सहामाहीत दुसरे अध्यक्ष आहेत. येणार ना, बाईंनी विचारलं. मी विचारलं, त्यांचा पाठमोरा फोटो आहे का? त्या म्हणाल्या, घोड्यावरचा आहे. घोडा कुठून आणायचा, याचा विचार करत परत आलो. स्टुडिओच्या दाराशी आल्यावर लक्षात आलं की पहिली तारीख आठवड्यावर आली आहे आणि मी काही बांधाबांध केलेली नाही.

शेजारच्या शिंप्याला विचारलं, एक काळा कोट, माझ्या थोरल्या भावाच्या अंगाचा, तर काय पडेल. त्याने कापडाचे, अस्तराचे, शिलाईचे धरून सांगितलं. मी सवयीने विचारलं, आणि पाठ सोडून? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी आकडा तेवढा लिहून घेतला.

दादा तिकडेच शिवून घेईल. मापाला स्वतःच उभं राहायचं, वहिनीच्या हाती जुना शर्ट पाठवायचा नाही, आणि शिंप्याने वाक म्हटलं की वाकून दाखवायचं, असं सांगितलंय. पैसे आत्ताच पाठवतोय: सहा हजार चारशे, पाठीसकट.